युसुफच्या हाडातल्या मूळपेशीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी मूळपेशी आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात युसुफ नावाचा एक माणूस राहतो. त्याच्या छातीच्या मधोमध जे चपटं हाड आहे, त्याच्या आतल्या मऊ गरात माझं बिऱ्हाड आहे. त्या गराला मज्जा म्हणतात. मी युसुफइतकीच जुनी आहे आणि त्याच्यामुळेच वैतागलेली आहे.

आता तुम्ही म्हणाल, पेशी कधी बोलते का? मग छत्री बोलते ती? परवा युसुफची मुलगी आयात बापाच्या छातीवर डोकं टेकून शाळेचा निबंध मोठ्यानं वाचत होती. हाडातून आवाज फार छान येतो, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला. ‘मी एक फाटकी छत्री आहे. मला अडगळीत टाकलं आहे.’ असं म्हणत ती छत्री पानभर रडली. मला असा राग आला म्हणून सांगू! अडगळीत टाकलं म्हणजे आरामच की. मला कोणी अडगळीत टाकलं तर मी त्याचे उपकार मानीन. माझं रडगाणं नेमकं उलटं आहे. मला वर्षानुवर्षं कोणी झोपू दिलं नाही.

हसू नका. आम्हा मूळपेशींचं कामच मुळी झोपून राहण्याचं. पेरणीसाठी बाजूला ठेवलेलं भाताचं बियाणं कोणी रोज काढून शिजवत नाही, तशातलीच गोष्ट. कधीतरी उठायचं, एकीच्या दोघी व्हायचं, मग एकीनं पुन्हा झोपायचं आणि दुसरीनं संसाराला लागायचं. तिची पोरं, नातवंडं, पतवंडं म्हणजे युसुफच्या अंगातलं सगळं रक्त. लाल पेशी आमच्या, जखम बांधणाऱ्या चकत्या आमच्या आणि राखणदारही आमचेच.

राखणदारांची ओळख करून द्यायला हवी, कारण सगळा घोळ त्यांच्यापासून सुरू होतो. त्यांना शाळा लागत नाही. परकं दिसलं की गिळायचं, एवढं एकच ज्ञान घेऊन ते जन्माला येतात. म्हणून त्या सगळ्या फौजेला जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतात. शिकून-सवरून तयार होणारे दुसरे शिपाईही आहेत, तेही माझ्याच वंशातले, पण ते येतात सावकाश, भांग पाडून, कपडे ठाकठीक करून. तोवर दाराशी हे अडाणी राखणदारच उभे असतात.

अडाणी म्हटलं खरं, पण त्यांना थोडंफार वळण लावता येतं. युसुफ तान्हा होता तेव्हा त्याच्या दंडात क्षयाची लस टोचली होती. तिचा व्रण अजून आहे. त्या लसीची कुणकुण रक्तातून माझ्यापर्यंत आली. त्यानंतर मी घडवलेले राखणदार चांगलेच तिखट निघाले. डॉक्टरांना वाटायचं, आठवण फक्त त्या शिकलेल्या शिपायांना असते, हाडातल्या म्हातारीला कसली आठवण! वाटू दे. मला होती. मात्र खरं सांगते, धडा फार वर्षं उगाळला नाही तर मीही विसरते. युसुफचं लग्न होईपर्यंत माझा तो धडा पुसट झाला होता.

१९९८ साली आयात जन्मली. युसुफ तेव्हा मासेमारीच्या लाँचवर इंजिन सांभाळायचा. त्याच लाँचवर गुहागरकडचा गंगाराम नावाचा खलाशी होता आणि दोघांची चांगली गट्टी होती. वारा सुटला की खलाशी केबिनमध्ये दाटीवाटीनं निजतात आणि दार घट्ट लावून घेतात. गंगाराम रात्रंदिवस खोकायचा. युसुफनं कधी विचारलं तर म्हणायचा, “डिझेलच्या धुराचा हाय रे, दुसरा काय नाय.” आणि युसुफ ते खरं मानून त्याच्या शेजारीच अंथरूण टाकायचा. खोकला धुराचा असेल तर दार उघडं ठेवावं, एवढं तरी कळू नये? पण नाही. दार बंद, आणि त्या बंद हवेतून क्षयाचा जंतू युसुफच्या फुप्फुसात उतरला. पुढच्या हंगामात गंगाराम गावी गेला तो परत आलाच नाही.

फुप्फुसातल्या राखणदारानं जंतू पाहिला आणि रीतसर गिळला. आता गिळलं म्हणजे पचवायला नको? पण या जंतूच्या अंगावर मेणासारखं जाड आवरण असतं आणि त्याला राखणदाराच्या पोटातच जायचं असतं. आत गेल्यावर पचवणारा रस पोटात मिसळण्याआधीच तो वाट अडवून बसतो आणि तिथेच संसार थाटतो. माझाच नातू, आणि चोराला पोटात घेऊन फुप्फुसभर हिंडतोय! मला डोकं नाही म्हणून, नाहीतर तेव्हाच कपाळावर हात मारून घेतला असता.

मग हाकाट्या सुरू झाल्या. रक्तातून निरोपावर निरोप येऊ लागले, ‘आणखी राखणदार पाठव.’ झाली माझी झोपमोड. मी उठले, पेशी वाढवल्या, राखणदार रवाना केले. त्यांनी एकमेकांना खेटून जंतूंभोवती गडगा घातला, जांभ्या चिऱ्यांचा बागेभोवती घालतात तसा. शिकलेले शिपाईही अखेर आले आणि गडग्याला टेकून पहारा देऊ लागले. जंतू मेले नाहीत, पण आत कोंडले गेले. युसुफला यातलं काहीच कळलं नाही. तो सुरमई विकून मजेत घरी यायचा आणि आयातला खांद्यावर घेऊन बंदरभर फिरायचा.

मला आता निवांत झोपता आलं असतं, पण माझी शेजारीण आड आली.

माझ्या शेजारी आणखी एक जुनी पेशी राहते. तीही मूळपेशीच, पण तिचं घराणं वेगळं. ती रक्त घडवत नाही. हाड, चरबी, कूर्चा असली कामं तिची. कुठे मोडलं-फाटलं की डागडुजीला धावते. स्वभावानं मायाळू, आणि तोच तिचा दोष. लढाई चालू असलेली तिला बघवत नाही. तिच्या बहिणी त्या गडग्याभोवती जाऊन बसल्या आणि माझ्या शिपायांना चुचकारू लागल्या. ‘पुरे आता, किती तापाल? फुप्फुस फाटेल ना!’

फुप्फुस फाटू नये हे मलाही मान्य आहे. पण शिपाई थंडावले, आणि गडग्यातले काही जंतू हळूच त्या डागडुजीवाल्यांच्या पोटात शिरले. काही तर रक्तातून वाहत थेट आमच्या मज्जेपर्यंत येऊन पोचले. एके दिवशी बघते तर काय, शेजारणीच्या पोटात एक जंतू मुटकुळं करून निजलेला.

“हे काय?” मी विचारलं.

“झोपलाय बिचारा,” ती म्हणाली. “कुणाला त्रास देत नाही.”

“अगं, तो क्षयाचा जंतू आहे!”

“हळू बोल. जागा होईल.”

राखणदार तिच्या अंगाला हात लावत नाहीत, कारण ती घरचीच. आणि तिला आणखी एक खोड आहे. बाहेरून आलेलं औषध ती पंपानं उपसावं तसं पोटातून उपसून टाकते. म्हणजे चोराला निवारा तर निवारा, वर अंगावर पाणीही पडू द्यायचं नाही. पुढे डॉक्टर युसुफला महिनोन् महिने गोळ्या का देत होते, याचं एक कारण माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होतं.

काही वर्षं बरी गेली. मग युसुफनंच घाण करायला घेतली. वेळेवर जेवण नाही, विड्या चालूच, अंगात कणकण असली तरी समुद्रात जायचं. २००३ च्या पावसाळ्यात गडगा ढासळला. जंतू बाहेर पडले आणि युसुफ खोकू लागला. संध्याकाळी ताप यायचा. अंगरखा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबू लागला. त्याची बायको हुदा फटकळ, पण डोळ्यांत तेल घालून बघणारी. “दवाखान्यात चला,” असा तिनं धोशा लावला. याचं उत्तर ठरलेलं होतं, “डिझेलच्या धुराचा हाय.” गंगाराम जाताना खोकल्याबरोबर ते वाक्यही ठेवून गेला असावा.

शेवटी हुदानं त्याला ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली. क्षय निघाला. एका दिवसाआड गोळ्या घ्यायच्या, त्याही कुणाच्या तरी डोळ्यांदेखत, असा नियम होता. त्यासाठी अंगणवाडीच्या सावित्रीबाईंकडे जायचं ठरलं. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, “युसुफभाय, लघवी नारिंगी होईल. घाबरायचं नाय. औषध पोटात गेल्याची ती खूण.”

औषधानं जंतू पटापट मरू लागले. मला तर हायसं वाटलं. सांगायला हरकत नाही, तोवर मी पार थकले होते. हा जंतू एवढा बेरकी की त्याच्या गोंधळाचे निरोप ऐकून ऐकून माझी बुद्धीच फिरली होती. मी घडवत होते ते राखणदार दिसायला राखणदार, पण अंगात दम नाही, आणि पुष्कळसे वाटेतच मरायचे. बियाणंच शिजवायची वेळ आल्यावर पीक कसलं येणार! गोळ्या सुरू झाल्या आणि ते निरोप कमी झाले. युसुफचा खोकला थांबला. गालावर मांस आलं. दोनेक महिन्यांत तो लाँचवर जाण्याच्या गोष्टी करू लागला.

आणि इथे, मित्रांनो, या माणसानं जो शहाणपणा केला, तो आठवला की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

हुदाचा भाऊ हमझा कुवेतला होता. त्यानं तिथल्या बंदरात युसुफसाठी इंजिनावरची नोकरी बघितली. फक्त मुंबईला जाऊन मेडिकल पास व्हायचं. आमच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस आखातात, त्यामुळे मेडिकलविषयी ज्याला त्याला सगळं ठाऊक असतं. सगळ्यांत जास्त ठाऊक बंदरावरच्या चहावाल्या दादूला, जो आयुष्यात जवळच्या हातखंबा नाक्याच्या पलीकडे गेलेला नाही.

“गोळ्या चालू हायत तुझ्या?” दादूनं विचारलं. “मग मेलास. लघवी तपासतात तिथं. नारिंगी दिसली की टीबी पकडला.”

“गोळी नसंल त्या दिवशी साफ असते की,” युसुफ म्हणाला.

“तुझ्या डोळ्याला साफ. मशीनला दिसते. महिना दोन महिने अंगात ऱ्हातो तो रंग.”

“आणि एक्स-रे?”

“खोकला हाय का तुला? नाय ना? खोकला गेला म्हणजे डाग गेला. ऱ्हायला फक्त रंग.”

युसुफनं यावर मान डोलवली. मान डोलली की छातीचं हाडही हलतं, म्हणून मला ते कळलं. अरे, फुप्फुसात काय उरलंय ते मला विचार! गडग्याच्या दगडात अजून जंतू दबा धरून होते, शेजारणीच्या पोटातला तर ढिम्म हलला नव्हता. मी ओरडले. माझा आवाज कुणाला ऐकू जातो?

त्यानं गोळ्या सोडल्या. कशा, तेही ऐका. हुदाला सांगायचा, “सावित्रीबाईंकडं जाऊन येतो,” आणि बंदरावर बसून शहाळ्यामागून शहाळी प्यायचा, रंग धुवून काढायला. सावित्रीबाईंना निरोप पाठवला की लाँचवर जातोय, परत आल्यावर गोळ्या घेईन. लाँचवाले दिवसचे दिवस समुद्रात असतात, त्यामुळे त्या बिचाऱ्यांनाही संशय आला नाही. युसुफ मुंबईला निघून गेल्यावर हुदा आणि त्या नळावर भेटल्या, हे मला मागाहून हुदाच्या बोलण्यातून कळलं.

“युसुफभाय समुद्रातून आले नाय का अजून?” सावित्रीबाईंनी विचारलं.

“समुद्रात कधी गेले ते?” हुदा म्हणाली. “तुमच्याकडं गोळी खायला जातात ना दिवसाआड?”



तिकडे मुंबईत युसुफची लघवी अगदी स्वच्छ निघाली. दादूची विद्या तेवढी फळाला आली. पण एक्स-रेच्या यंत्रानं लघवीचा रंग विचारलाच नाही. त्याला सरळ फुप्फुसावरचा डाग दिसला. शिक्का बसला, अनफिट. ज्याच्यासाठी गोळ्या सोडल्या ते गेलं, आणि गोळ्याही गेल्या. युसुफ एसटीनं हातखंब्याला उतरला आणि तिथून घरी आला, तर हुदा दारातच उभी.

“नापास झालो,” तो म्हणाला.

“ते हमझानं फोनवर सांगितलं. गोळ्यांचं सांगा.”

त्याचं हृदय माझ्या हाडाच्या मागे धाडधाड आपटत होतं.

“उद्या सावित्रीबाईंकडं जायचं,” हुदा म्हणाली.

“कुठल्या तोंडानं जाऊ? खोकला नाय, ताप नाय, कशाला पायजेत गोळ्या?” असं म्हणून तो तरातरा बंदराकडे निघून गेला. सावित्रीबाई घरी आल्या की हा मागच्या दारानं बाहेर. शरम वाटत होती त्याला. जंतू पोसताना वाटली नाही, औषध मागताना वाटली.

पुढचे महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. औषधाचा मार खाऊन जे जंतू उरले होते, ते आता निर्धास्त झाले. शेजारणीच्या पोटातलाही हालचाल करू लागला. “जागा झाला गं,” असं ती रडवेल्या आवाजात म्हणाली, आणि मला तिची दयाच आली. मायेनं केलं होतं तिनं. फुप्फुसातून पुन्हा हाका आल्या, पुन्हा मी उठले, पुन्हा तेच अर्धेकच्चे राखणदार पाठवले. एकेक करून माझ्या बहिणी मोडकळीला आल्या. आम्ही सगळ्या थकलो असतो, तर युसुफला वाचवायला मागे कोणी उरलं नसतं. हे मी तुम्हाला भीती घालायला सांगत नाही. ते तसंच होतं.

पुढच्या वर्षीची नारळी पौर्णिमा झाली, नारळ समुद्राला दिला आणि युसुफ लाँचवर गेला. खोकला परत आला होता, पण मजुरी बुडवायची नव्हती. एका संध्याकाळी वारा फिरला. सगळे केबिनमध्ये शिरले, दार लावलं. युसुफला खोकल्याची अशी उबळ आली की माझं हाड खिळखिळं होतंय असं वाटलं. शेजारचा खलाशी म्हणाला, “काय रे, तब्येत बरी हाय ना?”

“डिझेलच्या धुराचा हाय रे,” युसुफ म्हणाला. “दुसरा काय नाय.”

त्या खलाशानं आपली गोधडी उचलली, दार उघडलं आणि त्या वाऱ्यापाण्यात बाहेर डेकवर जाऊन निजला.

युसुफचा श्वास थांबला. खरंच थांबला, बरगड्या हलल्याच नाहीत. मला वाटतं, इतके दिवस जे वाक्य तो तोंडानं म्हणत होता, ते त्या दिवशी त्याच्या कानावर पडलं. गंगारामनं दार लावून याच्या उशाशी खोकावं, यानं घरी जाऊन आयातच्या उशाशी खोकावं. आयात तेव्हा सहा वर्षांची होती आणि बापाच्या छातीवर डोकं ठेवल्याशिवाय तिला झोप यायची नाही. तो स्वतःशीच पुटपुटला, “या अल्ला, पोर.” तेवढंच. पण हाडातून ते शब्द इतके जोरात आले की मी राग विसरले.

लाँच बंदराला लागली तसा तो घरी गेलाच नाही. थेट सावित्रीबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याही काही कमी नव्हत्या. पोटभर बोलून घेतलं. “आता दिवसाआड सुईपण टोचून घ्यावी लागंल, गोळ्या जास्त, महिने जास्त. सगळं तुमच्या त्या शहाळ्यांपायी.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आयातला उद्या दवाखान्यात आणा. बघून घेऊ.”

आयातला तपासलं. तिला काही झालेलं नव्हतं. हुदा दवाखान्याच्या पायरीवरच बसून रडली. त्याच पायरीवर तिनं नवरोबाला सांगून टाकलं, “तुमच्या गोळ्या पुऱ्या होईस्तोवर ही पोर तुमच्या छातीला डोकं लावणार नाय.”

मग घरात नवा कायदा सुरू झाला. हुदाचा आता कुणाच्याच शब्दावर विश्वास उरला नव्हता, नवऱ्याच्या तर मुळीच नाही. सावित्रीबाईंनी सांगितलेली खूण तेवढी तिला पटली होती. गोळीच्या दिवशी युसुफ परसातल्या मोरीत शिरला की ही बाहेरून हाक मारायची, “रंग काय?”

“नारिंगी,” आतून पुटपुटणं.

“ऐकू नाय आलं.”

“नारिंगी! नारिंगी!”

भिंतीपलीकडे शेजारपाजार, समोर दादूच्या दुकानाला जाणारी वाट. जो रोग लपवायला या माणसानं कुवेतपायी एवढी धडपड केली, तो आता दिवसाआड मोरीतून मोहल्ल्याला ओरडून सांगावा लागत होता. आधी लोक हसले. मग एक म्हातारा बंदरावर येऊन युसुफच्या कानाशी लागला, “कुठं तपासतात रे? मलापण खोकला हाय.” असे आणखी काही निघाले. दादू मात्र तेव्हापासून मेडिकलवर फारसा बोलत नाही.

रमजान आला तेव्हा युसुफनं रोजे धरायचं मनात घेतलं. हुदानं भांडी आपटत विचारलं, “अल्लानं आजाऱ्याला सूट दिलीय. तुम्ही त्याच्याहून मोठे लागून गेलात काय?” त्यानं निमूट गोळी घेतली. सुया सोसल्या, मळमळ सोसली, सांधे दुखले ते सोसले. महिनाभरात खोकला थांबला, आणि तरी तो सावित्रीबाईंकडे जात राहिला. हे मला नवीन होतं. पुढे थुंकी स्वच्छ आल्यावर सावित्रीबाईंनी सांगितलं, “आता पोरीला जवळ घेतलंत तरी चालंल.” हुदा म्हणाली, “पुऱ्या होईस्तोवर म्हणजे पुऱ्या होईस्तोवर.”

रोज तिन्हीसांजेला आयात दाराच्या चौकटीशी उभी राहून विचारायची, “अब्बा, आज?” आणि तो म्हणायचा, “अजून नाय, बाय.” हे बोलताना त्याच्या छातीत काय व्हायचं ते मी आतून बघत होते. दुखणं बरंच झेललं मी, पण ते मला झेपत नव्हतं.

आत आमची मोहीम चालली होती. औषध वरून मारत होतं आणि राखणदार खालून गिळत होते. गोंगाट कमी झाला तशी माझीही बुद्धी ठिकाणावर आली. पुन्हा दमदार राखणदार तयार झाले. शेजारणीनं फार आढेवेढे घेतले, पण दिवसामागून दिवस गोळी येतच राहिली, तेव्हा तिच्या पंपाचंही काही चालेना. तिच्या पोटातले जंतू गेले. सगळे गेले का? मी विचारलं, तर ती नजर चुकवते. म्हणून मी आजही सावध असते.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. खोकला लांबला तर धुराचं नाव सांगू नका, तपासून घ्या. आणि औषध सुरू केलंत तर ते डॉक्टर थांबवतील तेव्हाच थांबवा. तुम्हाला बरं वाटायला लागतं तेव्हा आत आमचं निम्मंसुद्धा काम झालेलं नसतं. तुम्ही उठून चालू लागता आणि आम्ही बिनहत्यारी लढत राहतो. तुमच्या प्रत्येकाच्या हाडात माझ्यासारखी एक म्हातारी आहे. तिला छत्रीसारखं पुसून-बिसून ठेवायची गरज नाही. फक्त तिला विनाकारण उठवू नका.

२००५ च्या उन्हाळ्यात, आंबे उतरवायला लागले होते तेव्हा, युसुफच्या गोळ्या संपल्या. सावित्रीबाईंनी शेवटची गोळी दिली आणि तोंडात उरली नाही ना ते पाहिलं. त्यानंतर दोन दिवसांनी युसुफ मोरीत गेला आणि सवयीनं हुदाची हाक आली, “रंग काय?”

आतून युसुफ म्हणाला, “पाण्यासारखा.”

याच उत्तरासाठी त्यानं कधीकाळी शहाळी प्यायली होती. हुदानं घरात बघून हाक मारली, “आयात! जा गं अब्बाकडं.”

पायांचा धावण्याचा आवाज जमिनीतून हाडापर्यंत आला. युसुफ खाली बसला असावा. आणि मग माझ्या बिऱ्हाडावर, बरोबर मधोमध, एक डोकं येऊन आपटलं. केवढ्यानं आपटलं! एरवी मी चिडले असते.

“अब्बा, आत काय वाजतंय?” आयातनं विचारलं. तिचा आवाज किती तरी महिन्यांनी इतका जवळून आला.

“काय नाय,” युसुफ म्हणाला. “निज तू.”

ती निजली. आणि मित्रांनो, बऱ्याच वर्षांनी मीही निजले.